रविवारची हजेरी

रेडिओ-संचाचे झाकण निघाले. आठही स्क्रू चाँदभाईंनी बोटांच्या स्पर्शानेच सोडवले, पितळेच्या वाटीत ठेवले, आणि मग कितीतरी वेळ ते त्या उघड्या संचावर नुसते वाकून राहिले.

"गुरुजी," शेवटी ते म्हणाले, "हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई आता. टेबलावरचा दिवा मला दोन दोन दिसतोय, अन् आतला डायोड एकबी दिसंना."

समोरच्या लाकडी स्टुलावर बसलेल्या परमेश्वर गुरुजींनी गळ्याभोवतीचा सुती पंचा किंचित सैल केला. बोलण्यापूर्वी त्यांना हल्ली शब्द गोळा करावे लागत.

"मला दिसतंय की. डोळे माझे, हात तुमचे. दोघांचा मिळून एक कारागीर होईल."

"अन् गळा कुनाचा?" आतल्या दाराशी उभ्या असलेल्या चाँदभाईंच्या पत्नी जिनतबींनी सवयीने विचारले, आणि विचारताक्षणीच पदराचे टोक तोंडाशी नेले.

गुरुजी मात्र हसले. "गळा उद्या सकाळपुरता माझाच हाय, भाभी. म्हणून तर आज आलोय."

तो शनिवार होता. सोमवारी गुरुजींना संभाजीनगरच्या रुग्णालयात दाखल व्हायचे होते आणि मंगळवारी शस्त्रक्रिया होती. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागेल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते. प्राण राहील, वाणी राहणार नाही. धारूरच्या शाळेत ज्याने छत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्या मनुष्याने हे वाक्य एखाद्या प्रयोगाच्या निष्कर्षासारखे शांतपणे ऐकून घेतले, आणि घरी आल्यावर मुलीला इतकेच सांगितले, "शनिवारी संच घेऊन बीडला जायचं."

गुरुजींना हौशी रेडिओचा छंद होता. तो छंद म्हणण्यापेक्षा ते एक व्रत होते. सरकारचा परवाना घेऊन, घराच्या गच्चीपासून परसातल्या लिंबापर्यंत तार ताणून, ते चौतीस वर्षे अदृश्य मित्रांशी बोलत आले होते. दर रविवारी सकाळी सात वाजता त्या मित्रांची हजेरी होत असे. नांदेड, सोलापूर, नगर, सातारा, जिथे जिथे कुणी असेल तिथून सारे एका ठरलेल्या कंपनसंख्येवर येत. लातूरच्या उज्ज्वलाताई, ज्यांचे सारे आयुष्य टेलिफोन कार्यालयात अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात गेले होते, त्या एकेकाचे सांकेतिक नाव पुकारीत आणि ज्याचे नाव येई तो म्हणे, "हजर." पुढे पाऊसपाणी, प्रकृती, नातवंडे यांच्या चार गोष्टी होत. एवढाच तो सोहळा.

गेल्या दिवाळीपासून मात्र एक अडचण उभी राहिली होती. खालच्या पट्ट्यात खरखर फार वाढली म्हणून सर्वांनी मिळून हजेरीची जागा वर नेली, सात हजार एकशे पस्तीस किलोहर्ट्झवर. परवान्याप्रमाणे हौशी मंडळींना सात हजार दोनशेपर्यंत बोलण्याची मुभा कधीचीच मिळाली होती. पण गुरुजींचा जपानी संच त्या मुभेपेक्षा वयाने मोठा. तो घडला तेव्हा ही हद्द सात हजार शंभरला संपत होती आणि घडवणाऱ्यांनी त्याच्या पोटात तशी आडकाठी बसवून दिली होती. ऐकण्याला त्या संचास सीमा नव्हती, बोलण्याला होती. त्यामुळे दर रविवारी असे घडे: उज्ज्वलाताई गुरुजींचे नाव पुकारीत, थांबत, पुन्हा पुकारीत, पुन्हा थांबत, तिसऱ्यांदा पुकारीत आणि पुढच्या नावाकडे वळत. धारूरला गुरुजी हातात मायक्रोफोन घेऊन हे सर्व ऐकत बसत.

"तर मंग फोन लावा की त्या बाईंना," जिनतबी म्हणाल्या. चहाचे आधण ठेवून त्या परत दाराशी आल्या होत्या. "यवढा खटाटोप कावून करायचा?"

गुरुजींनी हात गळ्याच्या पंच्याकडे नेला.

"भाभी, छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची हजेरी घेतली. रोज सकाळी पन्नास-साठ पोरांची नावं. माझं नाव पुकारणारं जगात एवढं एकच ठिकाण हाय. फोनवर 'हॅलो' म्हणतेत. 'हजर' म्हणत न्हाईत."

जिनतबी आत जाऊन चहात आले किसू लागल्या.

"आण्णा, बोलू नका म्हणलेत ना डॉक्टर," उंबऱ्यावर बसलेली शिवकन्या म्हणाली. ती गुरुजींची धाकटी लेक. तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि दुसऱ्याच्या वेदनेकडे न गडबडता पाहण्याची तिला सवय होती. वडिलांच्या बाबतीत ती सवय कामी येत नव्हती.

"मी कुठं बोलतोय? मी बोलायची तयारी करतोय."

बिंदुसरा नदीच्या पुलाअलीकडच्या त्या गल्लीत चाँदभाईंचे दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. वडील अकाली गेले तेव्हा उर्दू शाळेत चौथीत असलेल्या चाँदचे नाव पटावरून काढले गेले. पुढे हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षे काढून तो मुलगा बीडला परतला तो रेडिओचा कारागीर होऊन. गावोगावचे रेडिओ संपले, टेपरेकॉर्डर संपले. उरले ते हौशी मंडळींचे जुने संच. अशा संचांच्या पोटातली आडकाठी काढून त्यांना परवान्याच्या पूर्ण हद्दीपर्यंत बोलते करणे, हे काम मराठवाड्यात चाँदभाईंइतक्या निगुतीने करणारा दुसरा कुणी नव्हता. आणि तरीही या मनुष्याने आयुष्यात एकदाही हवेत शब्द सोडला नव्हता. परवाना नाही, म्हणून बोलायचे नाही. संच दुरुस्त झाला की त्याच्या तारेच्या जागी ते शंभर वॉटचा काचेचा दिवा जोडीत. संचातून निघालेला आवाज त्या दिव्यात प्रकाश होऊन संपे, भिंतीबाहेर जात नसे. जुन्या पद्धतीचे असे दिवे बाजारातून नाहीसे होऊ लागले तेव्हा त्यांनी दोन डझन दिवे कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवून दिले होते.

गुरुजींनी फार पूर्वी त्यांना परीक्षेला बसवण्याचा प्रयत्न केला होता. पाच-सहा रविवार ते धारूरहून येऊन तारसंदेशाची लिपी शिकवत बसले. परंतु परीक्षा इंग्रजीत होती, आणि चाँदभाई म्हणाले, "गुरुजी, जाऊ द्या. माझं नाव तेवढं शिकवा. बाकीचं तुमी बोला, मी संच सांभाळतो." गुरुजींनी त्यांना त्यांचे नाव शिकवले. लांब आणि आखूड ठोक्यांचे ते नाव टेबलावर बोटाने वाजवण्याची चाँदभाईंना सवय लागली. काही सुचेनासे झाले की ते वाजवीत. आत्ताही वाजवीत होते.

"परवान्याची नक्कल आनली का?" त्यांनी एकाएकी विचारले.

"चौतीस वर्षांची वळख, अन् नक्कल मागताय?"

"नियम हाय. तुमीच लावून दिलेला."

गुरुजींनी खिशातून घडी केलेला कागद काढून ठेवला. तो त्यांनी येतानाच तयार ठेवला होता. चाँदभाईंनी त्यावरून हात फिरवला, तो ड्रॉवरमध्ये सरकवला आणि डिंकाची बाटली, पतंगी कागदाचा चौकोन व चिमटा असे आपले साहित्य मांडू लागले. काम होणार, हे शिवकन्येला तेव्हा कळले.

भिंतीच्या फळीवरून त्यांनी एक जुनी वही उतरवली. कोणत्या संचात कोणता भाग कुठे, हे सारे त्या वहीत चाळीस वर्षे उतरत आले होते. चित्रे होती, आणि चित्रांभोवती उर्दूतली बारीक अक्षरे. चाँदभाईंना ती आता वाचता येत नव्हती आणि गुरुजींना उर्दू येत नव्हते.

"जिनत, जरा इकडं ये. ह्या संचाचं पान काढ."

जिनतबींनी हात पुसले, वही डोळ्यांपासून दूर धरली आणि वाचले, "क़तार में नौ दाने हैं. चौथा निकालना. पाँव काटना नै."

"ओळीत नऊ हायत," चाँदभाईंनी गुरुजींना सांगितले. "चौथा काढायचा. बाकीचे लोक त्याचा एक पाय कापून मोकळे व्हतेत. मी कापत न्हाई. कापलं तर जायबंदी व्हतंय. पुरा काढला तर उद्या परत लावता येतो."

गुरुजींनी भिंग डोळ्याशी नेले. जिऱ्याएवढे काचेचे नऊ मणी, म्हणजेच ते डायोड, प्रत्येकाच्या कडेला काळी रेघ, हिरव्या पट्टीवर ओळीने उभे होते. "एक, दोन, तीन, चार," त्यांनी दातकोरणीच्या टोकाने मोजले आणि टोक चौथ्यावर टेकवले. "हा."

"टोक हलवू नका. माझा हात तिथवर न्या."

पुढची दहा मिनिटे त्या खोलीत जे घडले त्यास नाजूक कर्म हाच शब्द योग्य. गुरुजींच्या डाव्या हाताने चाँदभाईंचे मनगट धरले होते. चाँदभाईंच्या उजव्या हातात कथिल वितळवणारी तापलेली कावी होती. "जरा इकडं. अजून एक कणभर. बास." वितळलेल्या कथिलाचा वास आला, चिमटा वर उचलला गेला, आणि त्याच्या टोकाला तो मणी होता. चाँदभाईंनी तो तसाच पतंगी कागदात ठेवला, काळी रेघ ज्या बाजूस होती त्या बाजूचा कोपरा मुडपला आणि पुडी बांधली.

"ही पुडी झाकनाच्या आतून चिकटवायची," ते म्हणाले. "संचातून काढलेलं संचातच ऱ्हायला पायजे. तारीख घाला वर."

गुरुजींनी तारीख घातली.

संचाला बॅटरी जोडली, मागे दिवा जोडला. गुरुजींनी खुंटी फिरवून आकडा एकशे पस्तीसवर आणला, मायक्रोफोनचे बटन दाबले आणि हलकेच म्हणाले, "एक, दोन, तीन."

दिवा लागला नाही.

त्यांनी पुन्हा दाबले. मग खुंटी फिरवून खाली, जिथे हा संच चौतीस वर्षे बोलत आला होता, त्या जागी आणली आणि पुन्हा दाबले. तिथेही दिवा लागला नाही. आकडे उजळले होते, खरखर ऐकू येत होती; पण वाणी गेली होती.

"आता?" शिवकन्येने विचारले.

चाँदभाईंनी कावी तिच्या घोडीवर ठेवली. "गुरुजी," ते म्हणाले, "जेवढा आवाज व्हता तेवढाबी मी घालवला. मला म्हाईत व्हतं. दोन महिन्यांपासून मी कुनाचाच संच उघडला न्हाई. तुमाला न्हाई म्हणता आलं न्हाई, ही माझी चूक."

"चाँदभाई, असं बोलू नका."

"न्हाई, खरं बोलतोय. दुकान बंद करायला पायजे व्हतं."

"हे बघा. जमलं न्हाई तर न्हाई. मी ऐकीन की. ऐकायला कुठं बंदी हाय?" गुरुजींनी हे अतिशय सौम्यपणे म्हटले. परंतु मायक्रोफोन त्यांनी खाली ठेवला नव्हता. बोटे त्याच्याभोवती तशीच मिटलेली होती, आणि शिवकन्या त्या बोटांकडे पाहत होती.

जिनतबी चहा घेऊन आल्या. त्यांनी तिघांच्या तोंडांकडे, मग काळ्या दिव्याकडे पाहिले.

"काय झालं? चौथाच काढला ना?"

"चौथाच," चाँदभाई म्हणाले.

"मी स्वतः मोजला, भाभी," गुरुजी म्हणाले.

"बघू." त्यांनी कप ठेवले, वही उघडली, आणि चित्रातल्या ओळीच्या उजव्या टोकाला बोट लावले. "एक," त्या म्हणाल्या आणि बोट डावीकडे सरकवले. "दो. तीन. चार. हा काय."

गुरुजींचे भिंग अर्ध्यावर थांबले.

"भाभी, परत एकदा मोजा."

त्यांनी परत मोजले. बोट पुन्हा उजव्या टोकावरून निघाले.

गुरुजींच्या घशातून एक विचित्र आवाज आला. शिवकन्या घाबरून उठली. ते हसत होते. "चाँदभाई, तुमी उजवीकडून लिहिता. मी डावीकडून वाचतो. चाळीस वर्षं तुमचं चौथं म्हंजी माझं सहावं."

चाँदभाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "ही वही मी एकट्यानंच वाचत आलतो. दुसऱ्या कुनाला सांगायची पाळीच आली न्हाई कधी."

"दोन म्हातारे गल्लीच्या दोन टोकांनी आले," जिनतबी चहा ओतत म्हणाल्या, "अन् एक घर सोडून भलत्याच घरात शिरले. आता त्या बिचाऱ्याला त्याच्या घरी परत नेऊन सोडा."

पुडी सोडली गेली. मुडपलेल्या कोपऱ्याने काळी रेघ कोणत्या बाजूला हवी ते सांगितले. पाय कापलेला नव्हता, म्हणून तो मणी आपल्या दोन्ही छिद्रांत जसाच्या तसा बसला. मग गुरुजींनी उजव्या टोकापासून चार मोजले, जिनतबींकडून खात्री करून घेतली, आणि पुन्हा एकाच्या डोळ्यांनी व दुसऱ्याच्या हातांनी ते काम झाले.

"बोला," ते म्हणाले.

गुरुजींनी एकशे पस्तीसवर खुंटी आणली. मायक्रोफोन ओठांशी नेला. काय बोलावे याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. पण त्यांच्या मुखातून जे आले ते बहुधा सर्वांत खोल साठवलेले असावे. धारूरच्या शाळेतल्या त्यांच्या पहिल्या वर्गाची ती हजेरी होती.

"बजरंग," ते म्हणाले. दिवा उजळला आणि विझला. "हनुमान." दिवा उजळला. "मोहिनी. भारत." घोगरा, फाटलेला तो आवाज, पण प्रत्येक नावाला त्या काचेच्या गोळ्यात सोनेरी प्रकाश उमटे आणि नावाबरोबर मावळे. पुढे पुढे नावे वेगाने येऊ लागली आणि दिवा सतत हलत राहिला. जिनतबी चहाचे भांडे हातात तसेच धरून पाहत उभ्या होत्या. चाँदभाईंना समोरची माणसे धूसर दिसत होती. तो प्रकाश मात्र त्यांना स्पष्ट दिसत होता.

"आण्णा, बास," शिवकन्या म्हणाली. "उद्यासाठी ठेवा थोडा."

गुरुजी लगेच थांबले.

नवी पुडी झाकणाच्या आतून चिकटली. संचाच्या आकड्यांखाली चाँदभाईंनी कागदाची पांढरी पट्टी डकवली आणि तिच्यावर गुरुजींकडूनच दोन आकडे लिहून घेतले: सात हजार, सात हजार दोनशे. "ही वेस," ते नेहमीचे वाक्य म्हणाले. "संच आता कुठंबी बोलंल. पन आपन वेशीच्या बाहीर बोलायचं न्हाई."

"चौतीस वर्षांत कधी बोललो का?"

"न्हाई. तरीबी सांगायचा नियम हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच चाँदभाईंनी दुकानाचा आतला दिवा लावला. त्यांच्यापाशी फक्त ऐकण्याचा एक जुना रेडिओ होता. एकशे पस्तीस त्यांनी कानानेच लावले. जिनतबी शाल घेऊन शेजारी येऊन बसल्या. रविवारी इतक्या लवकर त्या कधी उठत नसत.

सात वाजले. खरखरीच्या पलीकडून उज्ज्वलाताईंचा स्वच्छ, टेलिफोनमध्ये घोटलेला आवाज आला. एकेक नाव पुकारले जाऊ लागले. सोलापूर हजर. नगर हजर. साताऱ्याचे गृहस्थ नातीच्या बारशाचे सांगत राहिले आणि चाँदभाई मनातल्या मनात त्यांना आवरत राहिले.

मग गुरुजींचे सांकेतिक नाव आले. त्यापाठोपाठ शांतता.

दुसऱ्यांदा आले. पुन्हा शांतता. चाँदभाईंचे बोट टेबलावर आपले नाव वाजवू लागले.

"कोपरा मुडपायचा ऱ्हायला का कुठं?" जिनतबींनी कुजबुजून विचारले. त्यांना त्यातले काही कळत नव्हते. पण काहीतरी विचारणे आवश्यक होते.

तिसऱ्यांदा पुकारताना उज्ज्वलाताईंचा स्वर पुढच्या नावाकडे वळण्याच्या बेतात होता. नाव संपले, आणि एक खोल श्वास ऐकू आला. इतका जवळ, की तो श्वास याच खोलीतला वाटावा.

"हजर."

"गुरुजी," मग उज्ज्वलाताई म्हणाल्या, "दिवाळीपासून पुकारतेय मी."

"ऐकत होतो. प्रत्येक रविवारी ऐकत होतो. आवाज पोचतोय का नीट?"

"पाच-नऊ. अगदी स्वच्छ. पण बसलाय, गुरुजी. थंडी लागली का?"

शब्द पुन्हा गोळा होण्यास वेळ लागला. "उद्या संभाजीनगरला जातोय. ऑपरेशन हाय गळ्याचं. ताई, एक विनंती. माझं नाव पटावर राहू द्या. उत्तर आलं न्हाई तरी दर रविवारी पुकारा."

"पुकारीन."

"बास. पुढचं नाव घ्या."

त्यांनी पुढचे नाव घेतले. चाँदभाईंनी आवाज लहान करण्यासाठी खुंटीकडे हात नेला होता तो परत घेतला, आणि शेवटचे नाव पुकारले जाईपर्यंत ते दोघे पतिपत्नी तसेच बसून राहिले.

चैत्र अर्धा सरला असताना एका दुपारी शिवकन्येची गाडी पुन्हा गल्लीत आली. गुरुजी कृश झाले होते. गळ्यापुढे पांढरी स्वच्छ जाळीदार घडी बांधलेली होती आणि हातात लहान मुलांची दगडी पाटी होती. स्टुलावर बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न लिहिला आणि पाटी वळवून धरली. चाँदभाईंनी काळा चष्मा वर केला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच डोळ्याने पाहायला त्यांना अजून जमत नव्हते, आणि मराठी अक्षरे ते तशीही सावकाश लावून वाचत.

"'डोळा कसा,'" त्यांनी वाचले. "चांगला हाय. दिवा एकच दिसतोय आता."

गुरुजींचे खांदे हलले. हसण्याला आता आवाज नव्हता.

"जिनत चाची, आण्णा सगळं पाटीवर लिहून भांडतेत आता," शिवकन्या म्हणाली. "पाटी भरली की पुसतेत अन् परत भांडतेत."

"आमच्याकडं तर पाटीबी न्हाई अन् आवाजबी कमी न्हाई," जिनतबी आतून म्हणाल्या.

गुरुजींनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. पितळेची जुनी तारकळ होती, पूर्वी तारघरात असे तशी. दाबली की ठोका, सोडली की शांतता. तिच्यावर हिरवा गंज चढला होता.

"सात रविवार झाले," शिवकन्येने सांगितले. "ताई दरवेळी तीनदा पुकारतेत. हे संचापुढं बसून ऐकतेत. परवा एकाएकी माळ्यावर चढले अन् ही शोधून काढली. ताईंना तारेची लिपी येती, चाचा. त्यांनी निरोप धाडलाय, गुरुजींना सांगा, ठोके चालतील."

चाँदभाईंनी कळ हातात घेतली. एका डोळ्याने ती पारखली, बोटांनी तिचे टोक चाचपले, आणि लिंबाच्या फोडीने गंज काढायला बसले. संचाच्या मागे तिच्यासाठी जागा होतीच; आतला एक सुटलेला धागा तेवढा जोडावा लागला. या वेळी डोळेही त्यांचे होते आणि हातही त्यांचेच; गुरुजी मात्र सवयीने भिंग धरून जवळ वाकले होते.

तारेच्या जागी दिवा जोडला गेला.

गुरुजींनी बोट कळीवर ठेवले. प्रथम बोट अडखळले, मग त्यास आपली जुनी चाल आठवली. त्यांनी आपले सांकेतिक नाव वाजवले. दिवा लांब लागला, आखूड लागला, विझला, पुन्हा लागला. जिथे काही आठवड्यांपूर्वी त्यांचा कंठ प्रकाशला होता, त्याच काचेत आता त्यांचे बोट प्रकाशत होते. शिवकन्या भिंतीला टेकून पाहत होती. जिनतबी दारात आल्या होत्या.

ते नाव संपल्यावर गुरुजी थांबले. त्यांनी मान वर करून चाँदभाईंकडे पाहिले, वर्गात पुढचे नाव घेण्यापूर्वी शिक्षक पाहतो तसे. आणि मग अतिशय सावकाश, शिकवताना वाजवतात तसे, ते पुन्हा वाजवू लागले.

लांब, आखूड, लांब, आखूड. थोडे थांबून चार आखूड. आखूड, लांब.

चाँदभाईंनी काळा चष्मा काढून ठेवला. आपल्या नावाची पुढची दोन अक्षरे त्यांना पाहण्याची आवश्यकता नव्हती. ती त्यांच्या बोटांना बत्तीस वर्षांपासून पाठ होती. तरी त्यांनी ती पाहिली. शेवटचा आखूड प्रकाश आला, आणि गुरुजींनी हात कळीवरून उचलून मांडीवर ठेवला. ते वाट पाहू लागले.

चाँदभाई आपल्या स्टुलावरून उठून उभे राहिले.

"हजर, गुरुजी," ते म्हणाले.

दिव्यातली तार अजून लाल होती. ती विझायला किंचित वेळ लागला.